लेकरू कुणात मिसळत नाही: पाचवी ते आठवीतली ऑटिस्टिक मुलं समजून घेताना

जूनच्या मध्यावर, पाचवीच्या प्रवेशाची गर्दी ओसरली की एखादी माय हमखास मागे थांबते. दाखला, आधार कार्ड, फोटो सगळं जोडून झालेलं असतं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती म्हणते, "मॅडम, लेकरू हुशार हाय. तीसपर्यंत पाढे पाठ हायत. पण कुणात मिसळतच नाही बघा."

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पाचवी ते आठवीला शिकवते. हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. त्यातली काही लेकरं नुसती लाजरी असतात, दिवाळीपर्यंत रुळतात. काही मात्र दिवाळीनंतरही मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी भिंतीला टेकून एकटीच उभी दिसतात. त्यांतली काही ऑटिस्टिक असतात, कागदावर तसं लिहिलेलं असो वा नसो. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

२ एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन असतो. त्या आठवड्यात मोबाइलवर भरपूर व्हिडिओ फिरतात, आणि बहुतेक दोन-तीन वर्षांच्या बाळांचे असतात: हाक मारली तर बघत नाही, बोलत नाही, हात फडफडवतं. पण जे लेकरू बोलतं, वाचतं, गणितं सोडवतं आणि तरीही अकराव्या-बाराव्या वर्षी वर्गात एकटं पडतं, त्याच्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. त्याच्या वाट्याला शिक्के येतात. घुमा, हट्टी, आगाऊ, "जरा तसलाच".

## ऑटिझम म्हणजे नेमकं काय?

ऑटिझम म्हणजे मेंदूची जडणघडण जन्मापासूनच थोडी वेगळी असणं. हा वेगळेपणा मुख्यतः दोन ठिकाणी जाणवतो. एक, माणसामाणसांतल्या देवाणघेवाणीत: नजर, हावभाव, बोलण्याचा सूर, न बोलता सुचवलेल्या गोष्टी. दुसरं, ठरलेपणाची गरज, एखाद्या विषयाचं जबर वेड, आणि आवाज, वास, स्पर्श हे इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवणं.

मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. त्यातून असं वाटतं की लेकरू मुद्दाम स्वतःतच रमलंय, त्याला बाकीच्यांची गरजच नाही. मी पाहिलेल्या बहुतेक मुलांना मित्र हवे होते, अगदी मनापासून हवे होते. म्हणून इथे मी 'ऑटिस्टिक' हाच शब्द वापरते.

१९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी चांगलं बोलणाऱ्या, पण इतरांत न रुळणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं. बरीच वर्षं ही दोन वेगळी नावं चालली. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत सगळं एकाच नावाखाली आलं, 'ऑटिझम स्पेक्ट्रम'.

स्पेक्ट्रम म्हणजे कमी-जास्तची सरळ पट्टी असं लोक समजतात: हा थोडा ऑटिस्टिक, तो खूप. आपल्याकडच्या पावसाचं उदाहरण घ्या. जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस झाला असं पेपरात येतं, पण एका मंडळात सोयाबीन वाहून गेलेलं असतं आणि शेजारच्या मंडळात जमिनीला भेगा असतात. सरासरीवरून शेताचं काही कळत नाही, मंडळ बघावं लागतं. या लेकरांचंही तसंच आहे. एखाद्याचं गणित दुथडी वाहतं, आणि "काय रे, जेवलास का?" या साध्या प्रश्नावर पुढे काय बोलावं ते त्याला सुचत नाही.

जगात साधारण शंभर-सव्वाशे माणसांमागे एक जण ऑटिस्टिक असतो. सहाशे मुलांची शाळा असेल तर चार-सहा लेकरं तिथे असणारच. कारणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईनं लक्ष दिलं नाही म्हणून ऑटिझम होतो ही जुनी समजूत केव्हाच खोटी ठरली आहे. लशीमुळे होतो ही समजूत ज्या १९९८ च्या लेखामुळे पसरली, तो लेख त्या वैद्यकीय नियतकालिकानंच २०१० मध्ये मागे घेतला. ऑटिझम घालवणारं औषध नाही. ताईत, अंगारे आणि मूळपेशींची (स्टेम सेल) महागडी इंजेक्शनं यांच्यावर मी लोकांना जमीन गहाण टाकताना पाहिलंय, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

## चौथीपर्यंत बरं चाललं होतं, मग पाचवीत काय बिघडलं?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो. त्यांना वाटतं, शाळा बदलली आणि लेकरू बिघडलं. लेकरू तेच असतं, त्याच्या भोवतालचे नियम बदललेले असतात.

गावातली जिल्हा परिषदेची शाळा आठवा. एक-दोन गुरुजी, वीस-पंचवीस पोरं, त्यांत निम्मी भावकीतली. दिवसभर एकच खोली. आणि मैत्रीचं तर सगळं उघड! भांडण झालं की करंगळी दाखवून 'कट्टी', मिटलं की दोन बोटं जोडून 'बट्टी'. कोण कुणाशी बोलतं आणि कोण बोलत नाही, हे तोंडानं जाहीर होतं. ऑटिस्टिक लेकराला याहून सोपी व्यवस्था नाही.

सहावीत गेल्यावर कट्टी बंद होत नाही, ती मुकी होते. कुणी काही बोलत नाही, फक्त बाकावर सरकून बसतात. विनोद सांगितला की आधी कोण हसतं ते बघून हसायचं असतं. एखाद्यानं नक्कल केली तर ती सरांना सांगायची नसते, पण कुणी पैसे चोरले तर सांगायचं असतं. "खेळायला घेता का?" असं विचारल्यावर "बघू" असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ 'नाही' असतो. हे बाकीच्यांना कुणी शिकवलेलं नसतं, तरी कळतं. ऑटिस्टिक मूल मात्र 'बघू' म्हटल्यावर खरोखरच वाट बघत थांबतं. मी एका मुलाला अशी अख्खी मधली सुट्टी थांबलेलं पाहिलंय.

हीच मुलं कबड्डीचे नियम मात्र पंचापेक्षा चोख सांगतात. बोनस कधी, लोना कधी, सगळं पाठ, कारण ते नियम लिहिलेले आहेत. मैत्रीचे नियम कुठेच लिहिलेले नाहीत आणि दर आठवड्याला बदलतात.

त्यात हायस्कूलमध्ये तासाला एक शिक्षक, प्रत्येकाची शिस्त वेगळी, साठ मुलांचा वर्ग, एसटीची गर्दी. शिवाय वय असं, की शरीर बदलू लागतं आणि घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. या मुलांना सूचक बोललेलं समजत नाही, म्हणून पाळी, घाम, दाढी-मिशी, कुणाला कुठे हात लावायचा नाही, हे सगळं सरळ शब्दांत आणि वेळेआधी सांगावं लागतं.

## "बोल ना, अजून बोल!"

एकदा एका वर्गात नद्यांचा धडा चालला होता. सर बोलण्याच्या ओघात म्हणाले की मांजरा लातूर जिल्ह्यात उगम पावते. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, चुकलं. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते." सर चिडले. "बोल ना, अजून बोल! ये, तूच शिकव आता!" मुलगा शांतपणे फळ्यापाशी गेला, खडू घेतला आणि बालाघाटचे डोंगर काढायला लागला. वर्ग खदाखदा हसला. त्याला उद्धटपणाबद्दल शिक्षा झाली.

त्याच्या बाजूनं बघा. चूक होती, त्यानं ती सांगितली. सरांनी शिकव म्हटलं, तो शिकवायला गेला. सांगितलेलं सगळं त्यानं ऐकलं होतं, एक सूर तेवढा ऐकू आला नव्हता. आपलं बोलणं अशा वळणांनी भरलेलं आहे: 'डोकं खाऊ नको', 'तोंड काय बघत बसलास'. ऑटिस्टिक मुलाला वाक्प्रचार कळतच नाहीत असं नाही, बरेच जण ते पाठ करतात. अडचण येते ती रागात, घाईत, उलट अर्थानं बोललेल्या वाक्याची. त्याला "खाली बस, आपण तासानंतर नकाशात बघू" एवढं सरळ सांगितलं असतं तर तो बसला असता.

## आवाज, वास आणि डबा

आमच्या दोन खोल्यांवर पत्रे आहेत. जूनमधली पहिली सर त्यावर पडते तेव्हा मलाही फळ्यावर लिहिणं थांबवावं लागतं. काही ऑटिस्टिक मुलांना लोखंडी टोलाचा आवाज रोज तसा लागतो. परिपाठातला लाऊडस्पीकर, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या फेरीतल्या घोषणा, स्नेहसंमेलनाचा डीजे. कानांवर हात ठेवून उभं राहिलेलं मूल झेंड्याचा अपमान करत नसतं, त्याला खरंच दुखत असतं.

डब्याचं जरा सविस्तर सांगते, कारण त्यातून मोठे गैरसमज होतात. पोरं गोल करून बसतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात, मैत्री तिथेच होते. एक मुलगा कुणाला डब्याला हात लावू देत नसे आणि दुसऱ्याचं काही घेत नसे. आपल्याकडे 'आमच्यातलं खात नाही' याला जुना, कडू अर्थ आहे, आणि मुलांनी तोच लावला. एका मुलाच्या वडिलांनी घरून विचारणा केली तेव्हा मला कळलं. खरं कारण एवढंच होतं, की भाकरीला भाजीचा रस लागलेला त्याला चालत नाही. त्याच्या डब्यात कोरडी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत, रोज. तो स्वतःच्या मामाच्या घरीही असाच वागतो. येळवशीला अख्खा गोतावळा शेतात जमतो, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी होते, आंबील होतं. हा मात्र आपली भाकरी घेऊन बांधावर जाऊन बसतो. मी मुलांना हे समजावून सांगितलं तेव्हा ज्याला सर्वांत जास्त लागलं होतं तोच म्हणाला, "मॅडम, आधी सांगायचं ना."

## दोष एकाच बाजूचा आहे का?

बरीच वर्षं असं मानलं गेलं की ऑटिस्टिक माणसांना इतरांच्या मनातलं ओळखता येत नाही, कमतरता त्यांच्यात आहे. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकांनी साधा प्रश्न विचारला: आणि इतरांना ऑटिस्टिक माणसाच्या मनातलं ओळखता येतं का? त्यांचं म्हणणं असं की अडचण दुहेरी आहे. दोघांची समजण्याची रीत वेगळी, म्हणून दोघंही एकमेकांना चुकीचं वाचतात.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. लातूर-नांदेडकडचं पोरगं पुण्याच्या वसतिगृहात जातं आणि सहज म्हणून जातं, "जेवण करूलालो." सगळे हसतात. त्यानं चूक काहीच बोललेलं नसतं. पण त्या खोलीत त्याची मराठी 'अशुद्ध' ठरते, कारण बाकीचे नऊ जण दुसरी मराठी बोलतात. तेच नऊ जण आपल्या येळवशीला आले तर अडखळणारे ते असतील. ऑटिस्टिक लेकरू रोज त्या वसतिगृहात असतं, आणि त्याचं गाव कुठेच नसतं.

२०२० मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी चक्क कानगोष्टी खेळून हे तपासलं. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या, पहिल्याला एक गोष्ट सांगितली, त्यानं पुढच्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोहोचली जितकी ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीत. मिसळलेल्या साखळीत मात्र जास्त गळाली. २०२५ मध्ये हाच प्रयोग मोठ्या गटावर झाला, तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही. ऑटिस्टिक माणसांना नीट संवाद साधताच येत नाही, हे मात्र दोन्ही वेळा दिसलं नाही.

२०१७ च्या आणखी एका अभ्यासात लोकांना ऑटिस्टिक माणसांचे काही सेकंदांचे व्हिडिओ दाखवले. बघणाऱ्यांना त्यांच्याशी मैत्री करावीशी कमी वाटली. तेच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे नावड बोलण्याची नव्हती. सूर, नजर, उभं राहण्याची ढब यांवरून काही क्षणांत झालेलं मत होतं ते. आपली मुलं असं मत सहावीच्या पहिल्या दिवशी बनवतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही बनवतो.

## शाळेत तर नीट वागतो, घरीच का धिंगाणा घालतो?

याला कारण आहे 'मास्किंग', म्हणजे इतरांसारखं दिसण्यासाठी दिवसभर मुखवटा चढवून वावरणं. नजरेला नजर द्यायची नसते तरी देणं, हात हलवावेसे वाटतात ते दाबणं, समजलं नाही तरी हसणं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना पाण्याचा हिशेब सांगायला नको. घरात एकच ड्रम, त्यावर अख्खा दिवस काढायचा. आलेल्या पाहुण्याला तांब्याभर दिलं की संध्याकाळच्या भांड्यांना नाही. मुखवटा चढवण्याला लागणारी ताकद त्या ड्रमसारखी असते. शाळेत तो रिकामा होतो. घरी आल्यावर आई नुसतं "हातपाय धू" म्हणते, आणि लेकरू किंचाळतं, वस्तू फेकतं, नाहीतर कोपऱ्यात जाऊन तासभर बोलत नाही. याला 'मेल्टडाउन' म्हणतात. हट्ट करणारं मूल बघत असतं की आपल्याकडे कुणी बघतंय का. मेल्टडाउनमधल्या मुलाचा ताबा स्वतःवरच नसतो, त्या वेळी रागावून किंवा समजावून काहीही उपयोग होत नाही. अंधार, शांतता, पाणी आणि वेळ, एवढंच लागतं. शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास काहीही विचारू नका, 'आज काय शिकवलं' हेसुद्धा नाही.

मुली हा मुखवटा अनेकदा इतका चांगला वापरतात की त्या ऑटिस्टिक आहेत हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. वर्गातल्या एका मुलीला धरून तिच्यासारखी वेणी, तिच्यासारखं बोलणं, तिच्यासारखं हसणं. आपल्याकडे गप्प मुलीला 'शहाणी' म्हणतात, मग कोण शंका घेणार? बरीच वर्षं असं राहण्याचा संबंध पुढे चिंता आणि नैराश्याशी असल्याचं अभ्यासांतून दिसलं आहे.

## मग काही शिकवायचंच नाही का? जग थोडंच बदलणार आहे?

शिकवायचं, नक्की शिकवायचं. पण काय आणि कसं, याचा विचार करायचा. जे नियम लिहिलेले नाहीत ते लिहून द्या. 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही'. कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं असेल तर त्याचं वाक्य संपू द्यावं. खेळ सुरू असेल तर आधी पाहावं, मग "पुढच्या डावात मला घ्या" म्हणावं. हे त्याला रस्त्याचे नियम सांगावेत तसं सांगा, लाज न आणता. नजरेला नजर देण्याची मात्र सक्ती करू नका. बरीच ऑटिस्टिक मुलं खाली बघूनच नीट ऐकतात.

आणि त्याचं वेड वाया जाऊ देऊ नका. आमच्या सातवीत एक मुलगा होता, त्याला एसटीच्या वेळांचा नाद. कोणती गाडी कधी सुटते, बाजाराच्या दिवशी कोणती उशिरा येते, सगळं वहीत. आधी मुलं त्याला 'कंडक्टर' म्हणून चिडवायची. आमची निम्मी मुलं खेड्यांवरून एसटीनं येतात, म्हणून मी त्याला फळ्याच्या कोपऱ्यात रोज संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळा लिहायला सांगितल्या. महिन्याभरात पोरं त्याला शोधत यायला लागली, "आपली गाडी हाय का रे?" दोन वाक्यांचं बोलणं, पण रोजचं, आणि त्याला नावानं हाक मारून. पुढे त्याच्याच गाडीनं येणारा एक मुलगा त्याच्या शेजारी बसू लागला. डबा तो अजूनही लिंबाखाली एकटाच खातो. आधी मी त्याला ओढून घोळक्यात बसवायचे आणि तो डबा तसाच परत न्यायचा. ती अर्ध्या तासाची सुट्टी त्याला ड्रम भरायला लागते, हे मला उशिरा कळलं.

त्याला वीस मित्र नकोत. एक पुरेसा असतो, आणि बाकीच्यांनी त्रास न देणं पुरेसं असतं.

## चिडवाचिडवी तर सगळ्यांचीच होते

होते. पण ऑटिस्टिक मुलांना इतरांपेक्षा जास्त छळ सोसावा लागतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. त्यांना छळणं सोपं असतं. "जा, मॅडमला म्हण तुम्ही जाड झालात" असं कुणी सांगितलं, तर मित्रानं सांगितलं म्हणून ते जाऊन म्हणतात. रोज खाऊचे पैसे मागणारा मुलगा त्यांना मित्रच वाटतो. मी मुलांना एक खूण शिकवते: गंमत झाल्यावर दोघंही हसले का? एकटाच हसला असेल तर ती गंमत नव्हती, आणि ते मला येऊन सांगायचं, ती चहाडी होत नाही.

लेकरू सांगेलच असं मात्र धरून चालू नका. शाळेला जायच्या वेळीच पोट दुखणं, लघवी दिवसभर दाबून ठेवणं (कारण त्रास संडासात होतो), वस्तू हरवणं, यांवर लक्ष ठेवा.

## एकाला सूट दिली की बाकीचे मागतील

असं बाकीचे शिक्षक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. चष्मा असलेल्या मुलाला पुढे बसवलं तर कुणी तक्रार करत नाही. टोल होण्याआधी दोन मिनिटं वर्गाबाहेर पडू देणं, परिपाठात स्पीकरपासून लांब उभं करणं, गटकार्यात कुणाबरोबर बसायचं ते शिक्षकांनीच ठरवून देणं, वेळापत्रक बदललं तर आदल्या दिवशी सांगणं, याला पैसा लागत नाही.

शिवाय ही मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे, त्यात ऑटिझम आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश देणं आणि त्याच्या गरजेनुसार सोयी करणं बंधनकारक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. मांजरा नदीबद्दल खरं बोलल्यामुळे उभं राहावं लागलेल्या मुलाला हे कलम लागू होतं.

## त्यापेक्षा विशेष शाळा बरी नाही का?

काही मुलांना खूप आधार लागतो, त्यांच्यासाठी विशेष शाळा योग्य ठरू शकते. प्रमाणपत्रात चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगता असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि निवड कुटुंबाची आहे. शाळेनं "तिकडे न्या" म्हणून हात झटकायचे नाहीत.

कागदासाठी सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापासून करा. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग आणि मानसोपचार विभागांतही विचारता येतं. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांची भेट मुख्याध्यापकांमार्फत मागा. कागद मिळेपर्यंत सोयी थांबवायची गरज नाही.

एका गटाबद्दल मला फार वाईट वाटतं. बीड, धाराशिवकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. ज्या लेकराला बाक बदललेला सोसत नाही, त्याचं घर, शाळा, झोपायची जागा वर्षातून दोनदा बदलते. हंगामी वसतिगृहात ठेवलं तर आई-बाप तुटतात. अशा मुलासोबत निदान रोजची एक वस्तू आणि एक ठरलेली गोष्ट जावी: तेच पांघरूण, तोच डबा, संध्याकाळी ठरल्या वेळी आईचा फोन.

## वर्गाला सांगायचं का?

आधी लेकराला विचारा. अकरा वर्षांचं मूल स्वतःबद्दल काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवू शकतं. काहींना वाटतं सगळ्यांना कळावं, काहींना फक्त वर्गशिक्षकांना. नाव न घेताही वर्गाशी बोलता येतं: कुणाला उंचीची भीती, कुणाला आवाजाचा त्रास, कुणाला भाकरीला रस लागलेला चालत नाही. पण लेकराला मात्र सांगा. 'तू ऑटिस्टिक आहेस' हे न कळलेली मुलं स्वतःला त्याहून वाईट नावं देऊन बसलेली मी पाहिली आहेत.

## शाळेला द्यायचं एक पान

प्रवेशाच्या दिवशी मागे थांबणाऱ्या प्रत्येक मायला मी एक कोरं पान देते. लिहिता येत नसेल तर ती सांगते, मी लिहिते. त्यावर एवढंच: त्याला काय आवडतं. कशाचा त्रास होतो, आवाज, वास की गर्दी. चिडायच्या आधी तो काय करतो, नखं खातो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो की गप्प होतो. तेव्हा काय केलं तर बरं वाटतं, आणि काय मुळीच करू नये. डबा कुठे बसून खाल्लेला आवडेल. गावातलं, ओळखीचं कुणी याच शाळेत आहे का. त्या पानाच्या प्रती काढून त्याला शिकवणाऱ्या प्रत्येकाला द्यायच्या, आणि बदली शिक्षक येतील तेव्हा त्यांनाही.

मागच्या जूनमध्ये एका मायनं सगळं सांगून झाल्यावर शेवटी विचार करून आणखी एक ओळ लिहायला लावली. "त्याला मांजरा नदी लई आवडती, तिच्याबद्दल विचारा."